स्टँड-इनच्या कामातून स्वतंत्र चित्रपटांतल्या भूमिकांकडे कसं वळायचं? (कोल्हापुरात राहून)

मोरेवाडीकर_०७

नमस्कार मंडळी. वय २७, उंची ५ फूट ५ इंच, मुक्काम कोल्हापूर. चित्रनगरीत आणि पन्हाळा, जोतिबा, गगनबावडा भागात लागणाऱ्या शूटिंगला नायिकेची स्टँड-इन म्हणून जाते. लायटिंग होईपर्यंत तिच्या मार्कवर (जमिनीवर टेपने आखलेल्या जागेवर) उभं राहायचं, फोकसची मापं घेऊ द्यायची, समोरच्या नटाचा क्लोज-अप चालू असताना कॅमेऱ्याशेजारून क्यू (नायिकेची वाक्यं) द्यायचे. लाँग किंवा पाठमोरा शॉट असला की तिचे कपडे घालून चालायचं. कधी इन्सर्ट, म्हणजे नुसत्या हातांचे जवळून घेतलेले शॉट. मर्दानी खेळ येतात, त्यामुळे ऐतिहासिक मालिकांत लाठी-तलवारीसाठीही बोलावतात.

आता बोलणारी भूमिका हवी आहे. तीही मालिकेत नको, कमी बजेटच्या, महोत्सवांना जाणाऱ्या मराठी चित्रपटांत हवी. पण चेहरा दिसेल असं एक मिनिटाचं फुटेज हातात नाही. युनिटमध्ये सगळे ‘डुप्लिकेट’ म्हणूनच ओळखतात. काम मिळवून देणारा कोऑर्डिनेटर म्हणतो, रोल मागत फिरलीस तर हेही काम जाईल. मुंबईला बिऱ्हाड हलवणं सध्या जमणार नाही.

सुरुवात कुठून करायची, आणि सेटवर शिकलेल्यातलं काय उपयोगी पडतं, काय आड येतं, ते जाणकारांनी सांगावं.

क्लॅप_देणारा

ताई, ज्या युनिटमध्ये स्टँड-इन म्हणून उभ्या राहता त्याच युनिटकडे रोल मागू नका. मालिकेच्या मुख्य पात्रांचं कास्टिंग वाहिनी आणि निर्मितीसंस्था मिळून मुंबईत ठरवतात. इथल्या सेटवरच्या दिग्दर्शकाच्या हातात फार तर एका दिवसाची पात्रं असतात. मागितलं तर ‘शेजारीण, दोन वाक्यं’ मिळेल, आणि एकदा तुमचा चेहरा त्या मालिकेत दिसला की नायिकेच्या जागी उभं करायला कंटिन्युटीवाला (शॉटला शॉट जुळतो का ते बघणारा) बिचकेल. कोऑर्डिनेटर जे म्हणतो ते यातूनच येतं, अगदीच खोटं नाही.

तुमची खरी ओळख व्हायला हवी ती सेटवरच्या दुसऱ्या-तिसऱ्या असिस्टंट डायरेक्टरशी, कॅमेरा असिस्टंटशी, बूम धरणाऱ्या मुलाशी. या मंडळींतले बरेच जण स्वतःची शॉर्ट फिल्म करायच्या तयारीत असतात. सहाचा कॉल म्हटल्यावर सहाला हजर असणारी, चौथ्या टेकलाही न कंटाळणारी मुलगी म्हणून त्यांनी तुम्हाला आधीच पाहिलेलं आहे. पॅकअपनंतर किंवा सुट्टीच्या दिवशी एकच मेसेज करा: ‘शॉर्ट फिल्म करणार असाल तर ऑडिशन द्यायला आवडेल.’ सोबत मेकअप न केलेले दोन फोटो आणि सेल्फ-टेपची (स्वतःच रेकॉर्ड केलेल्या ऑडिशनची) लिंक. शॉट लागत असताना किंवा जेवणाच्या रांगेत हा विषय काढायचा नाही.

सध्या भूमिकेपेक्षा फुटेजच्या मागे लागा. दोन शॉर्ट फिल्म पुरतात, पण निवडून घ्या. तुमच्या पात्राला काहीतरी हवं असावं आणि ते सहज मिळू नये. समोर दुसरं पात्र असावं. आवाज लोकेशनवरच, सिंक साउंडमध्ये घेतलेला असावा. आणि कॅमेरा एकदा तरी तुमच्या चेहऱ्यावर अर्धा-पाऊण मिनिट थांबावा. एकटी बाई खिडकीत बसली आहे आणि वर व्हॉइसओव्हर चालू आहे, अशी फिल्म कितीही देखणी असली तरी शोरीलसाठी (आपल्या कामाचे निवडक तुकडे दाखवणाऱ्या व्हिडिओसाठी) निकामी. तुम्ही समोरच्याचं ऐकता कशा, हे कास्टिंग करणाऱ्याला बघायचं असतं, आणि त्यात ते कुठेच दिसत नाही.

शोरील दीड ते दोन मिनिटांची. पहिल्या दहा सेकंदांत तुमचा चेहरा आणि तुमचा आवाज आलाच पाहिजे. वर गाणं टाकून तुकडे जोडू नका. दोन-तीन सीन सरळ चालू द्या. डबल म्हणून केलेले शॉट त्यात अजिबात नकोत. त्यात तुम्ही दिसत नाही, शिवाय ते दुसऱ्या नटीचं पात्र आहे आणि बहुतेक करारांत गुप्ततेचं कलम असतं. नायिकेच्या वेशातला स्वतःचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकणं त्याच कारणासाठी महागात पडतं.

बायोडेटात स्टँड-इनचं काम भूमिकांच्या यादीत घुसडू नका आणि लपवूही नका. खाली कौशल्यांमध्ये मर्दानी खेळ, घोडा, दुचाकी, पोहणं, येणाऱ्या भाषा, आणि मग एक ओळ: ‘स्टँड-इन व डबल म्हणून कॅमेऱ्यापुढचा अनुभव’. कुणाची डबल, ते लिहायचं नाही.

मुंबईला न जाताही बरंच होतं. पुण्यात एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांना डिप्लोमा फिल्मसाठी मराठी बोलणाऱ्या नट्या लागतात. तिथल्या सेटची शिस्त व्यावसायिक असते आणि त्या फिल्म महोत्सवांत पोचतात. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचा संगीत व नाट्यशास्त्र विभाग, कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटी आणि कोल्हापूर आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, या ठिकाणी फिल्म करणारी माणसं भेटतात. अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाचं मुख्य कार्यालयही कोल्हापुरातच आहे. सभासदत्वाची चौकशी फोनवर न करता समक्ष जाऊन करा.

नोव्हेंबरात गोव्याला इफ्फीला (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला) जरूर जा, पणजी आपल्याला पुण्याइतकीच लांब. मात्र तिथल्या फिल्म बाजारात नटी म्हणून रोल विचारत हिंडण्यात अर्थ नाही, तिथे निर्माते, विक्री एजंट आणि महोत्सवांच्या निवडकर्त्यांच्या भेटी आधी ठरलेल्या असतात. त्यापेक्षा इंडियन पॅनोरमा या भारतीय चित्रपटांच्या विभागातले मराठी चित्रपट बघा आणि शेवटच्या श्रेयनामावलीतून कास्टिंग करणाऱ्यांची नावं उतरवून घ्या. बड्या कास्टिंग कंपन्यांपेक्षा या नावांना पाठवलेली टेप उघडली जाण्याची शक्यता जास्त. मुंबईहून प्रत्यक्ष बोलावणं आलं तर महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी पोचता येतं. बोलावणं नसताना वर्सोव्याच्या आराम नगरात, कास्टिंग ऑफिसांच्या दारोदार फोटो वाटत फिरू नका. आणि नोंदणी, पोर्टफोलिओ किंवा ‘कोऑर्डिनेशन’ म्हणून कुणी पैसे मागितले तर तिथून उठून यायचं. खरं कास्टिंग नटाकडून पैसे घेत नाही.

टेप_आणि_चाक

सेटवरच्या सवयींबद्दल मी लिहितो, कारण त्या माझ्यासारख्या फोकस खेचणाऱ्याला (शॉट चालू असताना लेन्सचा फोकस सांभाळणाऱ्याला) सगळ्यांत आधी दिसतात.

आधी जमेची बाजू. ८५ मिमीची लेन्स, टी २ (म्हणजे लेन्सचं तोंड बरंच उघडं), अंतर ६ फूट असेल तर फुल-फ्रेम सेन्सरवर जेमतेम २ इंचांचा पट्टा फोकसमध्ये असतो. नवखी नटी बोलता बोलता तीन इंच पुढे झुकते आणि चांगला टेक वाया जातो. तुमच्या अंगात हे मुरलेलं आहे. खुर्चीतून सावकाश उठायचं, मार्कवर येताना शेवटचं पाऊल आखूड टाकायचं, समोरच्याच्या खांद्यावरून शॉट असेल तर अर्ध्या पावलाने सुद्धा लेन्स झाकली जाते हे ओळखायचं, समोरच्याच्या क्लोजला त्याच्या नजरेसाठी लेन्सच्या अगदी लगत उभं राहायचं. कमी दिवसांत उरकायच्या चित्रपटाला अशी नटी मिळाली तर दिवसाकाठी दोन-तीन शॉट जास्त निघतात. ऑडिशनमध्ये हे बोलून दाखवायची गरज नाही, पहिल्याच दिवशी कळतं.

आता आड येणाऱ्या गोष्टी. पहिली, खाली बघणं. स्टँड-इनने जमिनीवरच्या टेपकडे पाहिलं तर कुणाचं काही बिघडत नाही. नटीची पापणी जरी खाली गेली तरी प्रेक्षकाला समजतं. त्यावर उपाय म्हणजे उलटं चालणं: मार्कवर उभं राहा, वाक्य म्हणत सुरुवातीच्या जागेपर्यंत मागे जा, पावलं मोजा, मग तेवढीच पावलं पुढे. याच्या जोडीला दोन खुणा डोळ्याच्या कडेने धरून ठेवा, एक जवळची आणि एक लांबची. समजा, खुर्चीची पाठ आणि मागच्या खिडकीची चौकट एका रेषेत आली की तुम्ही मार्कवर आहात. टेप काढून टाकली तरी चुकणार नाही इतपत सराव घरीच होतो.

दुसरी सवय जास्त खोलवरची आहे. लायटिंग चालू असताना मान स्थिर, नजर एका बिंदूवर, श्वास वरवरचा, चेहरा कोरा, असं अर्धा-अर्धा तास उभं राहावं लागतं. पुढे पुढे लेन्स समोर आली की शरीर आपणहून त्या अवस्थेत जातं. मॉनिटरवर नटी सुंदर दिसते, प्रकाश अचूक असतो आणि आत काही घडत नसतं. नुसतं ‘भाव आणा’ म्हणून हे सुटत नाही. हाताला खरं काम द्या. शेंगा सोलायच्या असतील तर पाव किलो खरोखर सोला, आणि वाक्य म्हणताना शेंग फुटायची थांबता कामा नये. कोणत्या शब्दावर हात थांबतो ते ठरवून ठेवा. त्यातून श्वास मोकळा होतो आणि कंटिन्युटीही आपोआप सांभाळली जाते, कारण एडिटरला मास्टरमधला (पूर्ण सीनच्या लांबच्या शॉटमधला) हात आणि क्लोजमधला हात त्याच शब्दावर जुळलेला मिळतो.

तिसरी, नायिकेची नक्कल. पाठमोऱ्या शॉटसाठी तुम्ही तिची चाल, तिची मान, पदर सावरायची तिची लकब उचललेली असते. ती नकळत तुमच्या भूमिकेत येते आणि बघणाऱ्याला वाटतं, हे कुठंतरी पाहिलंय. बाजारातून भरलेली पिशवी घेऊन येतानाचा स्वतःचा व्हिडिओ कुणाला तरी तुमच्या नकळत घ्यायला सांगा. मग ऑडिशनची टेप त्याच्या शेजारी लावून बघा. फरक लगेच दिसतो.

चौथी, प्रकाश शोधणं. स्टँड-इन की-लाइटकडे (मुख्य दिव्याकडे) गाल वळवायला शिकते. कमी बजेटच्या चित्रपटात पुष्कळदा खिडकीचा उजेड किंवा घरातली एक ट्यूब एवढंच असतं, आणि पात्राचा अर्धा चेहरा अंधारात राहावा अशीच कॅमेरामनची योजना असते. तुम्ही उजेडाकडे वळलात की नजरेची दिशाही बिघडते आणि त्याची योजनाही.

अशा सेटवर पुष्कळदा मार्कच नसतात. ३५ ची लेन्स, कॅमेरा हातात, तीन-चार मिनिटांचा सलग टेक, आणि फोकसवाला दुरून फोकस फिरवायच्या वायरलेस चाकावर तुमच्या मागे. तिथे त्याला तुमची लय लागते. रिहर्सलला जिथे वळलात तिथेच आणि त्याच वेगाने वळा. वेगळं काही करावंसं वाटलं तर टेकच्या आधी दिग्दर्शकाबरोबर त्यालाही सांगा.

साउंडचंही थोडं. कडक खळ घातलेलं सुती पातळ आणि काचेच्या बांगड्या कॉलर माइकला सगळ्यांत जास्त त्रास देतात. कपड्यांच्या ट्रायलच्या दिवशीच साउंडवाल्याला बोलवायला सांगा, सेटवर शोध लागला की उशीर होतो. समोरच्याच्या क्लोजला तुमचं वाक्य त्याच्या वाक्यावर चढू देऊ नका, नाहीतर एडिटरला तिथे कापता येत नाही. दिग्दर्शकाने मुद्दाम चढवायला सांगितलं तर गोष्ट वेगळी. आणि रूम टोन (जागेची नुसती शांतता) रेकॉर्ड करताना ते अर्धा-एक मिनिट जिथे आहात तिथेच थांबा, चप्पल शोधायला निघू नका.

तालीमवाला

वरच्या दोघांनी सांगितलंय ते बरोबर हाय. एक धोका ऱ्हायला.

स्टँड-इनच्या पगारावर स्टंट करू नगा. उभं ऱ्हाणं एक काम, तिच्या जागी चालणं दुसरं, आणि घोड्यावरनं नाहीतर कट्ट्यावरनं उडी मारणं तिसरं. तिन्हीचा दर वेगळा, जबाबदारी वेगळी. सेटवर फाइट मास्टर नसंल आणि ‘ताई, तुम्हाला येतंय की, एकदा करून दाखवा’ असं कोण म्हणालं तर सरळ नाही म्हणायचं. अपघाताचा विमा कुणाच्या नावावर हाय, त्यात तुमचं नाव हाय का, आणि जवळचा दवाखाना किती लांब हाय, हे शॉटच्या आधी विचारायचं.

मर्दानी खेळाचं एक ध्यानात ठेवा. आखाड्यात वार अंगाजवळनं काढायची सवय असते. कॅमेऱ्याला त्याची गरज नाही. लांब लेन्समधनं दोघांतलं अंतर दबलेलं दिसतं, दोन फूट लांबनं काढलेला वार पण लागल्यागत वाटतो. त्यापेक्षा वार खाणाऱ्यानं वेळेवर मान झटकणं महत्त्वाचं. आणि दांडपट्टा फिरवताना चेहरा आवळला जातो, ओठ दाबले जातात. डबलला चालतं, चेहरा दिसणाऱ्या भूमिकेत चालत नाही. आरशापुढं निम्म्या वेगानं, वाक्य म्हणत सराव करा.

‘शोले’त (१९७५) हेमा मालिनींचे टांग्याचे धोक्याचे शॉट रेश्मा पठाण यांनी केले. सीन सगळ्या देशाच्या डोळ्यापुढं हाय, बाईंचं नाव मात्र लोकांना फार उशिरा कळलं. दुसरीकडं न्यूझीलंडची झोई बेल. ‘किल बिल’मध्ये उमा थर्मनची स्टंट डबल होती, आणि त्याच दिग्दर्शकानं, टॅरँटिनोनं, २००७ च्या ‘डेथ प्रूफ’मध्ये तिला चेहऱ्यासकट भूमिका दिली, पात्राचं नाव पण झोईच. म्हणजे वाट हाय. कौशल्य लपवू नगा, फक्त त्याच्यासोबत तोंड उघडून बोलताय अशी टेप दाखवा.

नांदीनंतर

फुटेज आधी, या मुद्द्याशी मी सहमत नाही. आधी आवाज. स्टँड-इनचं बोलणं म्हणजे कॅमेऱ्याशेजारून दिलेले क्यू, आणि ते मुद्दाम सपाट दिले जातात. वर्षानुवर्षं तसं वाचल्यावर वाक्याचा शेवट पडायला लागतो. शॉर्ट फिल्म मिळाली आणि त्यात वाक्यं पडली, तर तीच टेप पुढची दोन वर्षं तुमच्या नावावर फिरेल. राज्य नाट्य स्पर्धेसाठी बसवलं जाणारं एखादं नाटक धरा, छोटी भूमिका असली तरी चालेल. दीड-दोन महिने रोज तालीम होते आणि समोरच्याला खरं उत्तर द्यावं लागतं. फक्त रंगमंचावरचा मोठा आवाज तसाच कॅमेऱ्यापुढे आणू नका. समोरची व्यक्ती जेवढ्या अंतरावर आहे तेवढ्याच अंतराचा आवाज, पण शब्दाचं शेवटचं अक्षर पूर्ण.

बोलीचा मुद्दा कोल्हापूरच्या मुलींसाठी मोठा आहे. ऑडिशनला बहुतेक जणी मालिकेतली कोल्हापुरी बोलतात: वाक्यागणिक ‘नाद खुळा’ आणि उगाच चढवलेला रांगडेपणा. स्वतंत्र चित्रपट करणारे दिग्दर्शक नेमकं हेच टाळत असतात. त्यांना हवं असतं ‘मी जेवलो, मी निघालो’ असं बोलणाऱ्या बाईचं सहज बोलणं, ज्यात बोली दाखवायचा आटापिटा नाही. शिवाय जिल्ह्यात बोली एक नाही. शिरोळ, गडहिंग्लजकडे कानडीचा हेल, चंदगडात कोकणी वळण, शाहूवाडीकडे आणखी वेगळं. भूमिका कुठल्या गावची ते आधी विचारा. मग त्या भागातल्या एखाद्या बाईचं बोलणं तिची परवानगी घेऊन दहा मिनिटं रेकॉर्ड करा आणि थांबे, अर्धवट सोडलेली वाक्यं, ‘आं?’ सकट जसंच्या तसं उतरवून काढा. बोली शब्दांपेक्षा थांब्यांत जास्त असते. टेप पाठवताना एकच सीन प्रमाण मराठीत आणि बोलीत असा दोनदा पाठवला तर दिग्दर्शकाला निवड करणं सोपं जातं.

सेल्फ-टेप घरी व्यवस्थित होते. फोन आडवा, स्टँडवर, लेन्स डोळ्यांच्या उंचीला. रेकॉर्डिंग १०८०पी, २५ फ्रेम. फोन हातभर अंतरावर ठेवला तर नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात, म्हणून ५-६ फूट लांब ठेवून २एक्स लेन्स वापरा. चेहऱ्यावर बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर हललात की उजेड कमी-जास्त होतो. खिडकी समोरून थोडी एका बाजूला असावी, पाठीमागे कधीच नको. भिंत साधी, फिकट राखाडी किंवा निळसर, आणि भिंतीपासून ३-४ फूट पुढे उभं राहा म्हणजे मागे सावली पडणार नाही. पंखा बंद. कुकरची वेळ टाळा. समोरची वाक्यं वाचणारी व्यक्ती लेन्सच्या अगदी बाजूला उभी असावी आणि तिने हळू वाचावं, कारण माइक तिच्याजवळ असतो. लेन्समध्ये फक्त ओळख देताना बघायचं: नाव, उंची, गाव, भाषा, मग डावी-उजवी बाजू आणि दोन्ही हात. सीनमध्ये लेन्सकडे नजर नको. दोन टेक पाठवा, पण दुसरा खरोखर वेगळा असेल तरच. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवलात तर चित्र फुटतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या, आणि ती ‘लिंक असणाऱ्या कुणालाही उघडता येईल’ अशी ठेवली आहे का ते दुसऱ्याच्या फोनवर तपासा. बंद लिंक आली तर कास्टिंगवाले परवानगी मागत बसत नाहीत, पुढची टेप उघडतात.

मोरेवाडीकर_०७

सर्वांचे मनापासून आभार. नक्कल आणि कोरा चेहरा, दोन्ही गोष्टी टेप पाहिल्यावर पटल्या.

एक विचारणा आली आहे. दिग्दर्शकाचा पहिलाच चित्रपट, आजरा-चंदगड भागात १८ दिवसांचं शूटिंग, माझी भूमिका दुसऱ्या क्रमांकाची. मानधन ‘चित्रपट विकला गेल्यावर’. एका सीनमध्ये जवळीक आहे असं तोंडी सांगितलंय. करारात काय मागू? आणि त्या १८ दिवसांचं कोऑर्डिनेटरला कसं सांगू?

हिशेब_लाइन_प्रोड्यूसर

‘विकला गेल्यावर’ किंवा ‘नफ्यातून’ असं लिहिलेलं मानधन मिळत नाही, कारण नफा कधी झाला हे निर्माताच ठरवतो. चार गोष्टी आकड्यांत लिहून घ्या: एकूण रक्कम, कोणत्या पैशातून, कुणाच्या आधी किंवा नंतर, आणि किती दिवसांत. ‘कोणत्याही हक्काच्या विक्रीतून, पुरस्काराच्या रकमेतून किंवा शासकीय अनुदानातून जमा होणाऱ्या पहिल्या रकमेतून, जमा झाल्यापासून ३० दिवसांत’ असं वाक्य चालतं. शिवाय सगळंच पुढे ढकलू नका. स्टँड-इन म्हणून दिवसाला जे मिळतं त्यापेक्षा कमी नाही इतकी रोजची रक्कम शूटिंगच्या आठवड्यालाच मिळाली पाहिजे. प्रवास, मुक्काम, जेवण वेगळं. टीडीएस कापला तर तो तुमच्या पॅनवर भरला गेला का, ते आयकराच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

१८ दिवस म्हणजे १८ च राहत नाहीत. वर्कशॉप, लुक टेस्ट, डबिंग आणि पॅचवर्क (राहिलेले शॉट नंतर घेणं) कुठे धरलंय ते विचारा. डबिंगचे दोन आणि पॅचवर्कचे दोन दिवस मानधनात धरलेले, त्यापुढचा प्रत्येक दिवस ठरलेल्या दराने, असं लिहा. शिफ्ट १२ तासांची आणि दोन कॉलमध्ये किमान १० तासांचं अंतर. पॅचवर्क संपेपर्यंत केस कापायचे नाहीत, भुवया बदलायच्या नाहीत अशी अट ते घालतील. मान्य करा, पण तिला शेवटची तारीख हवी. नाहीतर सहा महिने दुसरं काम अडून बसतं.

फुटेजचं कलम नटमंडळी हमखास विसरतात. बऱ्याच महोत्सवांना चित्रपटाचा प्रीमियर स्वतःकडेच हवा असतो, म्हणून निर्माता वर्ष-दोन वर्षं एक फ्रेमही बाहेर देत नाही. तुम्हाला तर शोरीलसाठीच हा चित्रपट हवा आहे. ‘एडिट लॉक (संकलन पक्कं) झाल्यापासून ६० दिवसांत नटीला तिच्या सीनमधला कमाल ६० सेकंदांचा तुकडा, पासवर्ड असलेल्या लिंकवर, फक्त कास्टिंगसाठी’ असं मागा. सार्वजनिक करणार नाही असं तुम्ही लिहून दिलंत की बहुतेक निर्माते देतात.

जवळिकीच्या सीनबद्दल तोंडी काहीही मान्य करू नका. वेगळं सहीचं पान हवं: सीनची संहिता, कोण कुठे स्पर्श करणार, अंगावर कोणते कपडे, कॅमेरा कुठल्या बाजूने, सेटवर कोण कोण असणार, मॉनिटर कुठे, स्टिल फोटो घेणार नाहीत, आणि न वापरलेलं फुटेज कुणाकडे राहील. आधी कपड्यांनिशी रिहर्सल. दिवस उजाडल्यावर त्यात काही वाढवलं तर नाही म्हणायचा हक्क त्या पानावर लिहिलेला असावा. तुमच्या जागी डबल वापरायची असेल तर तुमची लेखी संमती लागेल, हेही घाला. त्या कामातला त्रास तुम्हाला ठाऊक आहे, तुमच्या डबललाही हेच पान मिळालं पाहिजे.

२०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यानुसार दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती बंधनकारक आहे. तिच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर कॉलशीटवर (रोजच्या शूटिंगच्या पत्रकावर) छापायला सांगा. युनिट त्याहून लहान असेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्हा पातळीवरची स्थानिक समिती असते. मुदत घटनेपासून तीन महिने. समिती कारण पाहून ती आणखी तीन महिने वाढवू शकते.

श्रेयनामावलीत नाव कुठे, सुरुवातीला की शेवटी, स्वतंत्र पाटीवर की यादीत, हे लिहा. देवनागरी आणि रोमन, दोन्ही स्पेलिंग करारातच द्या. महोत्सवाच्या कॅटलॉगमध्ये एकदा चुकीचं छापलं की पुढचे सगळे तेच उतरवतात.

क्लॅप_देणारा

कोऑर्डिनेटरचं सांगतो. तारखा पक्क्या झाल्या की निदान पंधरा दिवस आधी सांगा, आणि फक्त तारखा सांगा; कुठला चित्रपट, कुठली भूमिका हे सांगायची गरज नाही. नुसतं ‘येणार नाही’ म्हणण्यापेक्षा बदली मुलगी शोधून द्या. उंचीत इंचभराचा फरक चालतो, रंग आणि केसांची लांबी जुळली पाहिजे, नाहीतर कॅमेरामन पहिल्याच दिवशी परत पाठवेल. तिला एक दिवस सोबत नेऊन नायिकेच्या मार्कचा टेप कोणत्या रंगाचा, ती कोणत्या पायावर भार देऊन उभी राहते, चपलेची टाच किती आणि पदर कोणत्या हाताने सावरते, एवढं दाखवून ठेवा.